जूनच्या पहिल्या आठवड्यात रोहतांग: परमिट, छोटी पेट्रोल गाडी आणि सोबत सत्तरीच्या आई

कोथरूड_ते_कुठेही

मंडळी, जूनच्या पहिल्या आठवड्यात मनालीत पाच रात्री मुक्काम आहे. आम्ही पाच जण: दोघं नवरा-बायको, भाऊ, ८ वर्षांची मुलगी आणि ७० वर्षांच्या आई. आईंना रक्तदाबाची गोळी रोज असते आणि गुडघे कुरकुरतात. गाडी पुण्याहून स्वतःचीच नेतोय: १.२ लिटर पेट्रोल, टर्बो नाही, सात वर्षांची. एक दिवस रोहतांग खिंडीसाठी ठेवलाय. विचारायचंय ते असं:

१) परमिटचं नेमकं कसं असतं आणि कोणता दिवस धरावा?
२) ही गाडी पाच माणसं घेऊन चढेल, की टॅक्सी करावी?
३) आईंना न्यावं का?
४) बर्फात काय घालायचं, काय भाड्याने मिळतं?

गुळगुळीत ‘एन्जॉय करा’ नको, काय बिघडतं तेच सांगा.

घाटमाथा

आधी परमिट, कारण ते नसेल तर बाकी तीन प्रश्न उरतच नाहीत. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर रोहतांगवर दिवसाला १२०० गाड्यांची मर्यादा आली, त्यात ८०० पेट्रोल आणि ४०० डिझेल. पेट्रोल गाडी आहे हे तुमच्या पथ्यावर पडतं. परमिट कुल्लू जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर काढायचं. शुल्क ५०० रुपये, वर ५० रुपये गर्दीशुल्क. नोंदणीपत्र, चालू पीयूसी आणि ओळखपत्र लागतं. दहा वर्षांवरच्या गाडीला मिळत नाही, तुमची बसते. पीयूसीची तारीख पुण्यातून निघण्याआधीच बघून घ्या. प्रवासात ती संपली की सगळं तिथेच अडतं, आणि ऐन मोसमात मनालीत पीयूसी केंद्र शोधत फिरण्यात अर्धा दिवस जातो.

परमिट त्या गाडीच्या क्रमांकाचं आणि त्याच तारखेचं असतं. आज पाऊस आला म्हणून उद्या तेच चालवू म्हटलं तर चालत नाही. म्हणून पाच रात्रींमधला शेवटचा दिवस कधीच धरू नका. तिसरा दिवस धरा, चौथा हाताशी ठेवा. मंगळवारी रस्त्याच्या देखभालीसाठी पर्यटकांच्या गाड्या सोडत नाहीत, त्यामुळे बुधवारी दोन दिवसांची गर्दी एकदम वर येते. शनिवार-रविवारी दिल्ली-चंदीगडची गर्दी. उरले सोमवार, गुरुवार आणि शुक्रवार.

अंतर: मनाली ते रोहतांग ५१ किलोमीटर. मनाली साधारण २०५० मीटरवर, खिंड ३९७८ मीटरवर. वाटेत पलचान, कोठी, गुलाबा, मढी, राणी नाला. परमिट गुलाबाच्या चौकीवर तपासतात. छापील प्रत आणि ओळखपत्र डॅशबोर्डवर काढून ठेवा, मोबाइलच्या नेटवर्कवर विसंबू नका. पहाटे ५ वाजता मनाली सोडा. गर्दी नसेल तर अडीच तास, असेल तर चार. दुपारी १२ नंतर तिथे ढग भरतात आणि वारा उठतो. ‘दहाला नाश्ता करून निघू’ म्हणणारे राणी नाल्याच्या अलीकडे रांगेत बसूनच जेवतात.

तिसरा_गिअर

गाडीबद्दल. चढेल. पण ती पुण्यातली गाडी राहणार नाही, हे मनाशी पक्कं करा. टर्बो नसलेलं इंजिन दर १०० मीटरला साधारण १ टक्का ताकद गमावतं, कारण सिलिंडरमध्ये येणारी हवाच विरळ असते. खिंडीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या थोडा वर असतो. म्हणजे ८० बीएचपीच्या इंजिनातून तिथे ५० बीएचपीच्या आसपास हाती येणार, आणि त्यावर पाच माणसं.

बिघडतं ते इंजिन नाही, क्लच. रांग एका जागी थांबते, दहा फूट सरकते, पुन्हा थांबते. चढावर अर्धा क्लच धरून गाडी तोलत राहिलं की पंधरा मिनिटांत जळका वास येतो. बरोबर पद्धत अशी: थांबलात की हँडब्रेक पूर्ण ओढा, न्यूट्रल करा, पाय क्लचवरून काढा. पुढच्या गाडीला दोन गाड्यांएवढी जागा होऊ द्या, मग पहिला गिअर टाकून एका दमात ती जागा भरा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे. वास आलाच तर कडेला घेऊन अर्धा तास थंड करा. ‘थोडंच राहिलंय’ म्हणून रेटलं तर प्लेट संपते, आणि तिथून गाडी उचलून खाली नेण्याचं भाडं विचारूच नका.

तीव्र वळणांवर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गुदमरायला लागलं तर लाज न बाळगता पहिला टाका. एसी बंद. हीटर खुशाल लावा, तो इंजिनाच्याच उष्णतेवर चालतो, ताकद खात नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा घाटाचा नियम तिथले ट्रकवाले पाळतात. तुम्हीही पाळा.

उतरताना नेमकी उलटी चूक होते. ५१ किलोमीटर ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेकचं तेल तापतं आणि पेडल मऊ पडतं. दुसऱ्या गिअरमध्येच उतरा, ब्रेक थोडा थोडा दाबून सोडा. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवायला जाऊ नका. ब्रेक पॅड आणि ब्रेकचं तेल निघण्याआधी पुण्यातच तपासून घ्या. टाकी मनालीत पूर्ण भरा.

टॅक्सी की स्वतःची? वरंधा, ताम्हिणी अंगवळणी पडले असतील तर रस्ता अवघड नाही, रुंद आहे. अवघड असते ती गर्दी. सामान हॉटेलवर ठेवा आणि पाचच जण चढा. एवढं जमत नसेल तर टॅक्सी करा. तिचं परमिट टॅक्सीवालाच बघतो.

पाचशे_मिलिग्रॅम

आईंबद्दल. वय ही अडचण नाही. रक्तदाब गोळीने आटोक्यात असेल तर फक्त त्यावरून नाही म्हणायचं कारण नाही. हृदयविकार, दम्याचा अलीकडचा झटका, बराच रक्तक्षय, नुकतीच शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल तर प्रश्न वेगळा. यातलं काहीही असेल तर आधी स्वतःच्या डॉक्टरांना विचारा, इथे नाही.

उंचीचा त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे नुसतं मनालीच तिच्याहून ४०० मीटर उंच. पुण्याहून आल्यावर मनालीत किमान दोन रात्री काढून मगच वर जा. घाटमाथांनी सांगितलेला तिसरा दिवस या हिशेबातही बसतो. खिंडीवर दोन तासांपेक्षा जास्त थांबायचं नसतं, त्यामुळे गंभीर त्रास क्वचित होतो. पण डोकं जड होणं, मळमळ, धाप लागणं हे होतंच, आणि तरुणांनाही होतं. भावाने बर्फ दिसला की धावत सुटू नये. पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांनी लग्नाच्या वरातीच्या चालीने चालावं.

वर कुणाला त्रास झाला तर बसवा, पाणी द्या, ऊब द्या. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर उतरा. मढी १६ किलोमीटर खाली आणि उंचीने ६०० मीटरहून जास्त उतार. बहुतेक डोकेदुखी तिथवर निम्मी होते. मात्र नुसतं बसलेलं असतानाही दम लागतोय, खोकला सुटत नाही, बोलणं असंबद्ध होतंय किंवा सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालता येत नाही, यातलं एकही दिसलं तर फोटो-बिटो सोडा, गाडीत बसा आणि थेट मनालीचं रुग्णालय गाठा.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर नेलंत तर घाबरून जाऊ नका. त्या उंचीवर नवख्या धडधाकट माणसालाही ८५ ते ९० दिसतं. बोट गार असेल तर यंत्र आणखी कमी किंवा भलतंच दाखवतं. आधी हात काखेत धरून गरम करा, मग लावा. आणि आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

मुलीला वळणांनी उलटी होत असेल तर ॲव्होमिनसारखी गोळी निघण्याआधी तासभर द्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर नाही. मात्रा बालरोगतज्ज्ञांना विचारून. या गोळीने झोप येते. पहाटे उपाशीपोटी नेऊ नका आणि पोटभर पराठेही नकोत. खाकरा, राजगिऱ्याचा लाडू, केळं पुरतं. आईंची सकाळची गोळी नेहमीच्या वेळेलाच. गाडीत कुणी इन्सुलिनवर असेल तर पेन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. डिकीतल्या पिशवीत ते गोठलं तर टाकूनच द्यावं लागतं.

कोथरूड_ते_कुठेही

खूप आभार. दोन उपप्रश्न. आई कापराची पुरचुंडी घेऊन निघाल्यात, हुंगलं की प्राणवायू वाढतो म्हणतात. आणि मनालीत ऑक्सिजनचे छोटे डबे विकतात, ते दोन-तीन घ्यावेत का?

पाचशे_मिलिग्रॅम

कापराने रक्तातला प्राणवायू तसूभरही वाढत नाही. नाकात गार झणका बसतो आणि श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो, एवढंच. आईंना धीर येत असेल तर राहू द्या पुरचुंडी. फक्त मुलीच्या हाती देऊ नका. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

डब्याचं गणित घरीच करा. माणूस शांत बसून मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. १० लिटरचा डबा म्हणजे मिनिट-दीड मिनिटाचा श्वास. तीन डबे म्हणजे पाच मिनिटं. मढीला उतरायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. डब्याचा खरा तोटा असा, की तो हाताशी असला की लोक उतरायला टाळाटाळ करतात.

भुसभुशीत

बर्फाबद्दल कुणी बोललंच नाही, म्हणून मी लिहितो. आधी अपेक्षा नीट करून घ्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथे जे असतं ते कापसासारखं ताजं हिम नव्हे. ते हिवाळ्यात साठलेलं, रोज दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेलं जुनं हिम. मूठभर हातात घेतलंत तर साबुदाण्याएवढे काचेसारखे दाणे दिसतील. वर धुळीचा तपकिरी थर असतो. गोळा करून फेकायला उत्तम, पण पडलात तर कोपर खरवडून निघतं. सीमा सडक संघटना मेमध्ये रस्ता कापून काढते, त्यामुळे दोन्ही बाजूंना हिमाच्या भिंती उभ्या असतात. किती उंच ते त्या वर्षीच्या हिवाळ्यावर. जूनअखेर बरंच ओसरतं, ठिकठिकाणी नुसता चिखल.

त्या भिंतींना टेकून फोटो काढायची फार हौस असते. पायथ्याशी पाणी झिरपत असेल किंवा भिंत वरून रस्त्याकडे झुकली असेल तर खाली उभं राहू नका. उन्हाने ती आतून पोकळ होते आणि ढेकळं सुटतात. भिंतीवर चढणं त्याहून वाईट.

हिमातून खडक डोकावताना दिसला तर त्यापासून दोन हात लांबून जा. खडक उन्हाने तापतो, भोवतालचं हिम आतून वितळवतो, वर फक्त पापुद्रा उरतो. पाय थेट मांडीपर्यंत आत जातो आणि नडगी खडकावर आपटते. ओहोळावरून गेलेल्या हिमाच्या पुलाचंही तेच. खालून पाण्याचा आवाज येतोय तिथे पाय ठेवायचा नाही. मुलीचा हात धरून ठेवायची जागा ती, दरीची कड तर आहेच.

सकाळी ८च्या आत पृष्ठभाग टणक आणि निसरडा असतो. ११ नंतर भुसभुशीत होतो, गुडघ्यापर्यंत पाय जातो. आईंच्या गुडघ्यांसाठी दोन्ही वाईट. साधारण ९ ते ११ बरं. त्यांना आत नेऊच नका, गाडीपासून पन्नास पावलांवर, सपाटीला, हातात काठी. तिथेही तेच हिम आणि तेच डोंगर दिसतात.

कपडे: पलचानपासून गुलाबापर्यंत रस्त्याच्या कडेला ‘स्नो ड्रेस’ची दुकानं आहेत. अंगभर सूट आणि गमबूट भाड्याने मिळतात, परतताना त्याच दुकानात द्यायचे. दर घासाघीस करून आधीच ठरवा आणि दुकानाच्या पाटीचा फोटो काढून ठेवा, कारण परतताना सगळी दुकानं सारखीच दिसतात. गमबुटात हात घालून तळ कोरडा आहे का पाहा. आदल्या दिवशीच्या गिऱ्हाइकाचं पाणी आत असतं आणि ते दिवसभर पाय गारठवतं. एक नंबर मोठा घ्या, आत स्वतःचे लोकरी मोजे, दुसरा जोड पिशवीत. हातमोजे पुण्यातूनच न्या, पाणी न झिरपणारे. लोकरीचे विणलेले हातमोजे दोन गोळ्यांत भिजतात. सुटाच्या आत जीन्स नको. सुती कापड एकदा ओलं झालं की तिथल्या वाऱ्यात वाळत नाही. मनालीत २५ अंश असेल तर तिच्याहून १९०० मीटर उंच असलेल्या खिंडीवर साधारण १२ अंश धरा. उन्हात बरं वाटतं, ढग आला की दोन मिनिटांत दात वाजतात.

आणि गॉगल. हा चैनीचा भाग नाही. अतिनील किरण दर १००० मीटरला १०-१२ टक्क्यांनी वाढतात, आणि हिम ते खालून पुन्हा डोळ्यांत फेकतं. गॉगल नसेल तर तेव्हा काहीच कळत नाही, रात्री हॉटेलवर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी वाहतं, दिवा सहन होत नाही. बुबुळ भाजलेलं असतं. चोळू नका, अंधार करा, गार ओली पट्टी ठेवा. एक-दोन दिवसांत बरं होतं, नाही झालं तर डोळ्यांचे डॉक्टर. यूव्ही ४०० लिहिलेला गॉगल पाचही जणांना, मुलीला तिच्या मापाचा. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या बाजूलाही लावा. हसू नका, तिथेच भाजतं.

एक_चढ_कमी

घाटमाथांच्या पाचच्या सुटण्याला छोटी पुस्ती. पहाटे हिमाचं पाणी रस्त्यावरून वाहून मढीच्या वर बर्फाची पातळ काच होते. ती ओल्या डांबरासारखी काळी दिसते, म्हणून फसवते. पाचला निघून मढीला चहा घ्या आणि वरच्या टप्प्यात ऊन पडल्यावर शिरा. सावलीतल्या वळणावर ब्रेक नाही, स्टेअरिंगचा झटका नाही, गिअर आधीच खाली. चहाला तिथे वेळ लागतो हेही धरून चाला. ३३०० मीटरवर पाणी ८९ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि खिंडीवर ८७. मॅगी दाताखाली कचकच लागली तर ढाबेवाल्याशी भांडू नका.

घाटमाथा

पुस्ती मान्य. परमिट मिळालंच नाही तर काय, तेही सांगतो. हिमाचल परिवहनच्या विजेवरच्या बसगाड्या मोसमात मनालीहून रोहतांगला जातात, तिकीट आदल्या दिवशीच बघा. दुसरा मार्ग अटल बोगदा. ३ ऑक्टोबर २०२०ला खुला झाला, ९.०२ किलोमीटर, त्याला रोहतांगचं परमिट लागत नाही. आत थांबायचं नाही, ओव्हरटेक करायचं नाही, दंड होतो. पलीकडे लाहौलमध्ये सिस्सू आणि कोकसर, ३१०० मीटरच्या आसपास. जूनमध्ये तिथे रस्त्यालगत हिम फारसं नसतं, वर डोंगरांवर दिसतं. तरी आईंसाठी ही सहल रोहतांगपेक्षा सोपी. परमिट मिळालं तर खिंड ओलांडून ग्रांफूमार्गे कोकसरला उतरून बोगद्यातून परत यायचा फेराही होतो. मात्र पलीकडचा रस्ता उघडा आहे का आणि चौकीवर हरकत आहे का, हे गुलाबालाच विचारून घ्या.

एक गोष्ट टाळा. मनालीचे एजंट ‘रोहतांग नाही तर बारालाचा’ म्हणून एका दिवसाची गाडी गळ्यात मारतात. बारालाचा ही लाहौलच्या पुढची खिंड सुमारे ४८९० मीटरवर आहे, रोहतांगहून ९०० मीटर उंच. सकाळी २०५० मीटरवर नाश्ता आणि दुपारी तिथे, असं अंगाला मानवत नाही. शिवाय वाटेतल्या जिंगजिंगबारच्या पुढे वितळलेलं पाणी दुपारनंतर रस्त्यावर चढतं. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला परतताना चाक बुडवतो. जायचंच असेल तर केलाँगला, ३०८० मीटरवर, एक-दोन रात्री काढून. सत्तरीच्या आई आणि आठ वर्षांची मुलगी घेऊन तर नकोच.

कोथरूड_ते_कुठेही

ठरलं: तिसरा दिवस, गुरुवार, पाचला निघणार. परमिट नाही मिळालं तर सिस्सू. शेवटचं एक. चिवड्याची पाकिटं वर फुगतात म्हणे, मग टायरमधली हवा कमी करून चढायचं का?

तिसरा_गिअर

नाही. पाकीट आणि टायर दोघांनाही बाहेरचा कमी झालेला दाब जाणवतो. पुणे ते खिंड बाहेरचा दाब साधारण ५ पीएसआयने उतरतो, म्हणून गेज तेवढा जास्त दाखवायला जातो. पण थंडीमुळे दर १० अंशांना दीड पीएसआयच्या आसपास कमीही होतो. दोन्ही मिळून फरक एक-दोन पीएसआयचा, टायरला काही होत नाही. वर हवा काढली तर खाली उतरल्यावर तेच टायर बसके होतात, आणि बसका टायर घाटात जास्त तापतो. मनालीत पोहोचल्यावर सकाळी, गाडी हलवण्याआधी, पाच माणसांसाठी कंपनीने दारावरच्या स्टिकरवर दिलेला आकडा भरा. स्टेपनीही तपासा, ती कुणीच बघत नाही. चिवड्याच्या पाकिटाला घरीच टाचणीने एक भोक पाडा, नाहीतर मढीच्या वळणावर डिकीत फटाका फुटेल.